घाईत लावलेली भट्टी

अण्णा, गेल्या महिन्यात माझ्या भट्टीत चौतीस वाडगे फुटले. तडे गेले असं नाही, आतल्या आत उडाले. दार उघडलं तेव्हा फळ्यांवर खापऱ्यांचा नुसता थर होता, आणि हे कोणाला सांगावं म्हटलं तर पहिल्यांदा तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आज मी तीच भट्टी पुन्हा लावून बसले आहे. सकाळी सहाला एकच बर्नर पेटवला, तोही अगदी बारीक. दर तासाला बघून मगच वाढवायचं, आणि दिवस मावळेपर्यंत इथून हलायचं नाही असं ठरवलं आहे. मधल्या वेळात हाताला काम नाही, म्हणून वही घेतली.

तुम्हाला आधी हे सांगायला हवं की मी करते काय. तुम्ही गेलात तेव्हा मी गळ्यात ओळखपत्र अडकवून रोज कंपनीच्या गाडीने व्हाइटफील्डला जात होते, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होते. सात वर्षांपूर्वी ते सोडलं. व्हाइटफील्ड ओलांडून होसकोटेच्या दिशेने निघालं की उजव्या हाताला एक जुनं गोदाम लागतं, पत्र्याचं, ते भाड्याने घेतलं. चार चाकं, एक गॅसची भट्टी, लांबलचक दोन टेबलं. माझ्याबरोबर अक्का असते. जवळच्या गावातल्या कुंभाराच्या घरातली, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. लहानपणापासून तिने माती मळली आहे. ती मला अम्मा म्हणते, मी तिला अक्का म्हणते, आणि आमचं दोघींचं कानडी तुमच्या कानडीपेक्षा बरंच रांगडं आहे.

इथे ऑफिसं आपली माणसं पाठवतात. एका दिवसासाठी, बसमधून. त्याला टीम बिल्डिंग म्हणतात. रोज शेजारी-शेजारी बसणारी माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत, म्हणून त्यांना एकत्र चिखलात बसवायचं. तुम्ही हसला असता. आमच्या पोर्सेलीनच्या कारखान्यात शेकड्यांनी माणसं मातीत होती, त्यांची भांडणं मिटली का, असं विचारलं असतंत. मीही पहिल्या वर्षी मनातून हसत होते. पण एक गोष्ट बघितली आहे. पहिला अर्धा तास सगळे फोटो काढतात. मग हात इतके बरबटतात की फोनला हात लावता येत नाही, आणि तिथून पुढे खरं बोलणं सुरू होतं. कोणाची आई आजारी आहे, कोणाला गावी परत जायचंय, कोणाचं साहेबाशी दोन महिने वाकडं आहे. साहेब तिथेच समोर बसलेला असतो आणि त्याचा वाडगा सगळ्यांत वाकडा झालेला असतो. एवढ्याने कंपन्या सुधारत नाहीत. पण दुपार वाया गेली असंही मला कधी वाटलं नाही.

तर त्या दिवशी अडतीस जण आले होते. त्यांना घेऊन आलेली पोरगी पुण्याची, ऑफिसात माणसांचं बघणाऱ्या खात्यातली, सत्तावीस-अठ्ठावीसची. मी अक्काशी कानडीत बोलत होते आणि मधेच स्वतःशी मराठीत काहीतरी पुटपुटले, ते तिने ऐकलं. "मॅम, तुम्ही मराठी? थँक गॉड. सहा महिने झाले, मी इथे फक्त आईशी मराठी बोलतेय, तेही फोनवर." जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी मॅमची ताई झाले होते. निघताना ती म्हणाली, "ताई, वाडगे पुढच्या शुक्रवारी मिळतील ना? आमचे बाहेरचे मोठे साहेब येतायत. लॉबीत टेबल लावायचंय, सगळ्यांच्या नावांसकट. माझी पहिलीच मोठी इव्हेंट आहे, प्लीज." मी एरवी तीन आठवडे मागते. शिकाऊ हातांचे वाडगे बुडाशी जाड असतात, पाणी आत दडून बसतं. पण त्या कंपनीच्या अजून चार तुकड्या यायच्या होत्या, आणि ती पोरगी माझ्याशी इतक्या ओढीने बोलत होती. मी म्हणाले, "बघते." तिचा चेहरा पडला तशी म्हणाले, "होईल."

त्या अडतीस जणांत एक गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, इकडचेच, कानडी. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि उजवा हात अजून नीट चालत नव्हता. ते सगळ्यांच्या शेवटी, टेबलाच्या टोकाला बसले. शेजारचा तरुण मुलगा त्यांचा गोळा धरायला पुढे झाला तसे ते म्हणाले, "बेडा." नको. आवाज चढवला नाही, पण त्या मुलाने हात मागे घेतला. मग तीन तास ते एकच वाडगा करत होते. डावा अंगठा आत खोल जायचा आणि उजवा नुसता घासत फिरायचा, त्यामुळे एका बाजूला खोलगट ठसे आणि दुसऱ्या बाजूला लांब, पुसट ओरखडे असं काहीतरी तयार झालं. बाकीचे चहाला उठले, हे उठले नाहीत. शेवटी मी जवळ गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "भाजल्यावर हे असंच राहतं ना?" मी म्हणाले, "असंच राहतं."

तो आठवडा सगळा ढगाळ गेला. तुम्हाला इथला तो ओलसर गारठा माहीत आहे, वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही गार लागतो. मी दोन पंखे लावले. सोमवारी अक्काने एक वाडगा उचलला, गालाला लावला आणि परत ठेवला. "इन्नू हसी इदे, अम्मा," ती म्हणाली. अजून ओलं आहे. "स्वल्प थांबू. चार दिवस." मी म्हणाले, शुक्रवारी द्यायचेत. ती म्हणाली, "मग थोडे द्या. उरलेले नंतर." मी म्हणाले, नावं लिहिलेलं टेबल आहे, थोडे देऊन चालणार नाही. ती उठून भट्टीत फळ्या लावायला गेली.

भट्टीच्या दाराला बघायचं भोक असतं. सुरुवातीच्या तासांत आम्ही त्याच्यासमोर थंड स्टीलची ताटली धरतो. ताटलीवर वाफ धरली तर आत अजून पाणी आहे, आच वाढवायची नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही याच्या हजारपट मोठ्या भट्टीवर आयुष्य काढलंत. मंगळवारी अकरा वाजता मी ताटली धरली आणि तिच्यावर वाफ आली. स्पष्ट आली. मी स्वतःला सांगितलं की ही बाहेरच्या हवेची आहे, आणि गॅस वाढवला. वीस मिनिटांनी पहिला आवाज आला. पलीकडच्या खोलीत कोणी नारळ टाकावा तसा, जड आणि दबलेला. मग दुसरा. मी नऊपर्यंत मोजले, मग मोजणं सोडून गॅस बंद केला. अक्का नळाशी स्पंज धूत होती. तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा खालच्या फळीवरचे चार शाबूत होते. अक्का पाटावर बसून खापऱ्या निवडायला लागली. मी टेबलाशी गेले आणि नवा गोळा घेतला. कारण माझ्याकडे सगळ्या वाडग्यांचे फोटो होते, अण्णा. त्या पोरीने शेवटी एकेकाचा काढून मला पाठवले होते. माझा हात तयार आहे, भिंत पातळ आणि एकसारखी ठेवली तर पंख्याखाली एका रात्रीत वाळते. गुरुवारी भाजून शुक्रवारी दुपारपर्यंत देता आले असते. मी फोटो बघून करायला बसले. वाकडा कसा करायचा, काठ कुठे चिरलेला ठेवायचा, कोणाची नखं लांब होती. मुद्दाम वाईट करणं मला फार चांगलं जमत होतं. दुपारपर्यंत अठरा झाले. अक्का मधे एकदा येऊन टेबलाकडे बघून गेली.

मग त्या गृहस्थांच्या वाडग्याचा फोटो आला. पहिला मी मोडला, दुसरा मोडला. तिसऱ्यांदा उजवा हात ढिला सोडला, मनगटातून मेल्यासारखा, आणि नुसता घासत नेला. केल्यावर फोनशेजारी ठेवून बघितलं. तंतोतंत होता. ठसे तिथेच, ओरखडे तिथेच. त्यांनी स्वतः हातात घेतला असता तरी त्यांना समजलं नसतं. आणि ते बघताना तुमचं एक वाक्य मला ऐकू आलं, जे तुम्ही मी सोळा वर्षांची असताना बोलला होतात आणि ज्याचा अर्थ मला इतकी वर्षं लागला नव्हता.

त्याआधीचा एक दिवस आठवतो तुम्हाला? मी नऊ वर्षांची आहे. आयुधपूजेचा दिवस, त्या दिवशी घरच्यांना कारखान्यात सोडतात. यंत्रांना केळीचे खांब बांधलेले, चाकांखाली लिंबं, आणि आई जरीची साडी सांभाळत तुमच्या मागून चालते आहे. तुम्ही मला तुमची भट्टी दाखवता, रेल्वेच्या बोगद्याइतकी लांब. मग विजेच्या खांबांवरचे ते पोर्सेलीनचे इन्सुलेटर, ज्यांना आम्ही कॉलनीतली मुलं घंटा म्हणायचो, ते मांडून ठेवलेले असतात तिथे नेता. लाकडी हातोडीने तुम्ही एकावर टिचकी मारता, मग दुसऱ्यावर. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. तुम्ही दुसरा उचलून बाजूला ठेवता आणि म्हणता, "हा गेला." मी विचारते, कुठे गेला? मोठी माणसं हसतात, तुम्ही हसत नाही. तुम्ही मला पुन्हा वाजवून दाखवता, पुन्हा, तिसऱ्यांदा, आतून तडा गेलेल्याचा बद्द आवाज मला वेगळा कळेपर्यंत. मागे रांग थांबलेली असते.

आणि त्यानंतर सात वर्षांनी तो ट्रक. महिनाअखेरीला माल जायलाच हवा म्हणून वरून हुकूम आला होता आणि तुम्ही भट्टीतून माल नेणाऱ्या गाड्यांचा वेग वाढवला होता. माल तपासणीतून पास झाला, ट्रक भरला, गेटवर कागद तयार झाले. मग तुम्ही संध्याकाळी गेटवर जाऊन तो ट्रक उतरवून घेतलात, सगळा माल पुन्हा वाजवून बघितलात, आणि त्यातला तिसरा हिस्सा मोडीत काढलात. कागदावर लिहून दिलंत की वेग वाढवला होता. हे सगळं मला आईकडून कळलं, तुकड्यातुकड्याने, कारण तिचं तुमच्याशी बोलणं बंद होतं. तुमची बढती त्या वर्षी गेली आणि पुढेही आली नाही. बढतीबरोबर मिळणारं मोठं क्वार्टर आई बघून आली होती, मागे पेरूचं झाड असलेलं. खिडक्या मोजून तिने पडदे शिवून घेतले होते. ते पडदे तिने पुढच्या रविवारी कापून आमच्या लहान खिडक्यांना बसवले, आणि कात्री चालवताना एकदाही वर बघितलं नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला मीच बोलले. स्वयंपाकघरात आपण तिघं, पाटावर, आणि मी आईच्या बाजूने असल्यासारखं म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं?" मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही ताटातला घास संपवलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "नसतं कळलं. कोणालाच कळलं नसतं." मग आमटी वाढून घेतलीत. बस.  मी कितीतरी वर्षं समजत होते की तुम्ही हरलात म्हणून कबूल केलंत. तुम्हाला पश्चात्ताप झाला असेल असंही वाटायचं. पुढे मी नोकरी करत असताना शनिवारच्या मातीकामाच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा तुम्ही "करून मिळतं काय?" असं विचारलंत आणि तीन आठवड्यांनी ओळखीच्या माणसाकडून चिनीमातीचं अर्धं पोतं स्कूटरवर घालून घेऊन आलात. त्या मातीचं माझं पहिलं भांडं हातात घेऊन म्हणालात, "भिंत एकसारखी नाही. जाड जागी पाणी बसतं." कौतुक केलं नाहीत, पण भांडं टीव्हीवर ठेवलंत. तेव्हा तरी त्या ट्रकचं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्या बुधवारी तो तंतोतंत वाडगा समोर ठेवून बसले आणि मला कळलं की तुम्ही मला उत्तर दिलं होतं. कोणालाच कळणार नाही, हेच त्यातलं वाईट आहे. फसवणूक कच्ची असती तर पकडली तरी गेली असती. माझी पक्की होती. एका माणसाच्या लुळ्या हाताची मी हुबेहूब नक्कल केली होती आणि ती मला जमली होती. मी ते अठरा आणि हा एकोणिसावा, सगळे उचलून पाण्याच्या बादलीत टाकले. अक्का तोवर दारात येऊन उभी होती. "सरी," ती म्हणाली. ठीक. आणि बादली आत ओढून घेऊन गेली.

मग त्या पोरीला फोन केला. आधी तिला कळेचना. मग ती रडायला लागली. "ताई, प्लीज काहीतरी करा ना. दुसरे द्या. तुमच्याकडे असतील ना केलेले? कोण बघतंय?"

"मीही सकाळपासून तेच करत होते," मी म्हणाले.

"मग?"

"मग मोडले. शुक्रवारी मी येते. मी सांगते सगळ्यांना. तुला काही बोलायला लागणार नाही."

"मला बोलायला लागणारच आहे, ताई," ती म्हणाली. "तुम्ही एक दिवस येऊन जाल. मी इथेच बसते."

तिचं खरं होतं. पण मी बेत बदलला नाही. शुक्रवारी अक्का आणि मी खापऱ्यांचा क्रेट आणि चार शाबूत वाडगे घेऊन त्या इमारतीत गेलो. बाहेरचे साहेब यायला अजून दोन तास होते. लॉबीतल्या टेबलावर नावांच्या पाट्या मांडलेल्या होत्या, रिकाम्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये ते अडतीस जण कागदी कप घेऊन उभे होते आणि त्यांचा साहेब दाराशी घड्याळ बघत. त्याने मला दोन मिनिटं दिली. मी इंग्रजीत सांगितलं. माती ओली होती, ते दिसत होतं, तरी घाई केली, आच वाढवली. यात तुमच्या हातांची काही चूक नाही. ज्यांना पुन्हा करायचं आहे त्यांच्यासाठी माझी शेड उघडी आहे, येत्या शनिवारी आणि त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी. आणि यावेळी वाळायला जेवढे दिवस लागतील तेवढे लागतील.

एक-दोघं हसले. एकाने क्रेटचा फोटो काढला. मागून कोणीतरी विचारलं, म्हणजे वाडगे नाहीतच का? बहुतेकांना फारसं काही वाटलं नाही, हे मला तिथे उभं राहून दिसत होतं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं. मग ते गृहस्थ पुढे आले. माझ्याकडे न बघता क्रेटशी वाकले आणि कानडीत म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं, असंच राहतं म्हणून."

"हो," मी म्हणाले.

"मी घरी सांगितलं होतं."

 ते डाव्या हाताने खापऱ्या चाळत राहिले. साहेबाने घसा खाकरला तरी थांबले नाहीत. शेवटी अंगठ्याचा खोल ठसा असलेला एक तुकडा त्यांना सापडला. तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि निघून गेले. अण्णा, त्यांनी मला माफ करावं अशी माझी आतून अपेक्षा होती, हे मला ते गेल्यावर समजलं. खरं बोललं की समोरचा विरघळतो असं मला कुठेतरी वाटत होतं. तुम्हाला तसं वाटलं नसणार. तुमच्याशी तर घरातच कोणी बोलत नव्हतं.

त्याच संध्याकाळी उरलेल्या चारही तुकड्या रद्द झाल्याची मेल आली. भाषा अतिशय सभ्य होती. शनिवारी मी आणि अक्का दहा वाजल्यापासून माती मळून तयार होतो आणि साडेअकरापर्यंत कोणी आलं नाही. मग बाराजण आले, दोन गाड्यांत कोंबून. त्यांत ती पोरगीही होती. तिला साहेब काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिने बाही वर केली आणि म्हणाली, "ताई, मागच्या वेळी मी फक्त फोटोच काढत होते. मला वाडगा करायचाय." त्या दिवशी कोणी ओळख वाढवायचे खेळ घेतले नाहीत. एकदा अक्काने एकाच्या हातातला गोळा काढून घेऊन परत मळला आणि दिला, एवढंच. दुपारी सगळ्यांनी तिच्या डब्यातली नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, मुद्दे, खाल्ले आणि ती पोरगी घास चावायला लागली तर अक्काने तिला गिळायला शिकवलं.

ते गृहस्थ त्यानंतरच्या बुधवारी आले. न कळवता, एकटे, व्हाइटफील्डपर्यंत मेट्रोने आणि पुढे रिक्षाने. "परत करायचाय," म्हणाले. अक्काने त्यांच्यासमोर गोळा ठेवला आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो. त्यांनी चार तास घेतले. उजवा हात आता थोडा जास्त चालत होता, त्यामुळे वाडगा आधीपेक्षा सरळ झाला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. "मोदल्दे चन्नागित्तु," म्हणाले. पहिलाच चांगला होता. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण अक्काच म्हणाली, "हौदु." हो. त्यांनी मान हलवली. त्यांना ते ऐकून बरं वाटलं असावं, कारण निघताना ते माझ्याकडे बघून बोलले. "भाजून झाला की फोन करा. घाई नाही."

तर असे तेरा वाडगे आज भट्टीत आहेत. सगळ्यांत शेवटचाही तीन आठवडे आणि दोन दिवस वाळला आहे. मी एकेक गालाला लावला, अक्काने एकेक गालाला लावला. नवीन दोन कंपन्यांनी विचारलं तेव्हा मी पहिल्याच फोनवर सांगितलं की तीन आठवड्यांच्या आत भांडी मिळणार नाहीत, ढग असतील तर चार. एकीने दुसरीकडे जातो म्हटलं. दुसरी हो म्हणाली. पुढचे काही महिने ओढाताणीचे जाणार आहेत आणि मी ही शेड सोडणार नाही. अडतीस येत नसतील तर आठ येऊ देत. आठांनाही मी तेच सांगेन.

आता चार वाजून गेले आहेत. सकाळपासून मी नऊ वेळा ताटली धरली. आठव्या वेळेपर्यंत थोडी थोडी वाफ होती आणि मी आच तिथेच ठेवली. नवव्या वेळी ताटली कोरडी आली, मी ती अक्काला दाखवली, तिने बोट फिरवून बघितलं, आणि मग मी दुसरा बर्नर लावला. त्याला आता पाऊण तास झाला. एकही आवाज आलेला नाही. दार उद्या उघडेल, पण पाण्याचा धोका संपला आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी कँटीनमध्ये सगळं खरं सांगितलं असं मी वर लिहिलं, आणि ती पोरगीही सगळ्यांना तेच सांगत असते. पण मी "मी घाई केली" असं म्हणाले नाही. "आम्ही" म्हणाले. इंग्रजीत तो शब्द इतका छोटा आहे की तोंडातून सहज निघून गेला. क्रेटची दुसरी कडी धरून अक्का माझ्या शेजारीच उभी होती, जिने मला थांब म्हणून सांगितलं होतं. तेवढं इंग्रजी तिला येतं. परत येताना टेंपोत ती गप्प होती, आणि मी ते दमल्यामुळे आहे असं धरून चालले. या गोष्टीला आता चार आठवडे झाले. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, आणि तुमच्याजवळ कबूल करणं त्यामुळेच सोपं आहे. ज्या बाईला हे सांगायला हवं ती आत्ता माझ्यापासून दहा पावलांवर, शेडच्या पायरीवर शेंगा सोलत बसली आहे. हे लिहून झालं तरी मी अजून उठलेले नाही. उठते.